राखून ठेवलेल्या पिस्टनची किंमत कोणती धरायची?

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

मार्चअखेर जवळ आली की आमच्या उद्यमनगरातल्या जवळजवळ प्रत्येक वर्कशॉपमध्ये मालाची मोजदाद सुरू होते. रॅकवरचे नग मोजले जातात, खरेदीची बिले काढली जातात आणि यादी सीएंच्या कार्यालयात पोहोचते. या यादीत एक माल असा असतो की ज्याची मोजणी बिनचूक होते, पण किंमत मात्र बहुतेक ठिकाणी चुकीची लागते. तो म्हणजे एखाद्या ठरावीक कामासाठी किंवा ठरावीक गिऱ्हाइकासाठी बाजूला काढून ठेवलेला माल. इंजिन रिकंडिशनिंग करणाऱ्या, आणि त्यातही स्पर्धेच्या गाड्यांची इंजिने टर्बोसाठी तयार करणाऱ्या वर्कशॉपमध्ये अशा मालात बरेच भांडवल अडकलेले असते. मी याच व्यवसायात आहे आणि साठ्याचा हिशेबही स्वतः पाहतो, म्हणून या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकत्र मांडाव्यात असे वाटले. राखून ठेवलेल्या नगाची किंमत त्याच्या खरेदी बिलावरून सांगता येत नाही. त्यावर कोणते काम झाले आहे आणि तो कोणाच्या भरवशावर थांबला आहे, हे कळल्याशिवाय त्याला किंमत लावूच नये, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात इंजिनापासून करतो, कारण किमतीचा प्रश्न तिथेच जन्माला येतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, ती ऐकायला सोपी आहे. इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरवायचे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने (कॉम्प्रेसरने) बाहेरची हवा दाबायची आणि ती सिलिंडरमध्ये भरायची. हाच टर्बो. हवा जास्त गेली की इंधन जास्त जाळता येते आणि ताकद वाढते. अडचण अशी की हवा दाबली की ती तापते. बाहेर ३५ अंश सेल्सिअस तापमान असताना हवेचा दाब दीडपट केला आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर टर्बोतून बाहेर पडणारी हवा ९० अंशांच्या पुढे गेलेली असते. अशी तापलेली हवा पिस्टनने आणखी दाबली की ठिणगीने पेटवलेली ज्वाळा पोहोचण्याआधीच मिश्रणाचा उरलेला भाग आपोआप पेट घेतो. यालाच आपण नॉकिंग म्हणतो. साध्या इंजिनात नॉकिंग ऐकू आले की चालक गिअर बदलतो आणि वेळ निभावते. टर्बोच्या इंजिनात पूर्ण दाबावर तेच नॉकिंग पिस्टनची कडा तोडायला फार वेळ लावत नाही. टर्बो विकत आणणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. कष्ट, वेळ आणि पैसा जातो तो इंजिन त्यासाठी तयार करण्यात.

तयारीची पहिली पायरी म्हणजे आहे ते इंजिन निरोगी आहे की नाही हे पाहणे. चारही सिलिंडरचा कॉम्प्रेशन टेस्ट आणि त्यानंतर लीकडाउन टेस्ट (सिलिंडरमधला दाब आणि गळती यांची तपासणी) केल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण झिजलेल्या बोअरवर किंवा गळक्या वॉल्व्हवर टर्बो चढवणे म्हणजे आजाराला जोर देणे होय. त्यानंतर प्रश्न येतो कॉम्प्रेशन रेशोचा, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते याचा. आपल्याकडच्या वाचकांना परिचित असे १२९८ सीसीचे मारुतीचे जी-१३ जातीचे इंजिन घेऊ. एस्टीम, जिप्सी किंग आणि पहिल्या स्विफ्टमध्ये याच घराण्यातली इंजिने होती. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७४ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ७५.५ मिलिमीटर. म्हणजे एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ३२४.७ सीसी होते. कॉम्प्रेशन ९.५ धरले तर पिस्टन सर्वांत वर असताना उरणारी जागा सुमारे ३८.२ सीसी असते. टर्बोसाठी ते ८.५ वर आणायचे ठरवले तर ती जागा सुमारे ४३.३ सीसी करावी लागते. हा पाच सीसीचा फरक कुठून काढायचा, यावर सगळे अवलंबून आहे.

स्वस्तातला मार्ग म्हणजे जाड हेड गॅस्केट, अर्थात सिलिंडरचा ब्लॉक आणि त्यावरचे झाकण (हेड) यांच्यामधली पट्टी. बोअरच्या क्षेत्रफळाने भागले तर गॅस्केटची जाडी साधारण १.२ मिलिमीटरने वाढवावी लागते आणि कागदावर कॉम्प्रेशन बरोबर उतरते. पण पिस्टनची सपाट कड आणि हेडचा सपाट भाग यांच्यातली जी अरुंद फट मिश्रणाला जोराने मध्यभागी ढकलते, तीच या उपायात रुंद होते. मिश्रण नीट घुसळले जात नाही आणि कॉम्प्रेशन कमी करूनही इंजिन नॉक करत राहते. खरा मार्ग म्हणजे माथ्यावर तेवढ्या मापाची वाटी असलेले फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन घेणे, किंवा जाड माथ्याचे फोर्ज्ड पिस्टन घेऊन ती वाटी कापून घेणे. त्यासाठी हेडच्या चेंबरमध्ये (ज्वलनाच्या पोकळीत) ब्युरेटने तेल सोडून प्रत्येक चेंबरचे माप घ्यावे लागते, कारण चार चेंबर एकसारखे क्वचितच निघतात. या एका मोजणीवर पिस्टनची वाटी किती खोल कापायची ते ठरते, आणि एकदा कापली की तो पिस्टन त्या हेडचा, त्या ब्लॉकचा आणि त्या गॅस्केटच्या जाडीचा होऊन जातो.

रिंगांचेही तसेच. सिलिंडरमध्ये रिंग बसवली की तिच्या दोन टोकांमध्ये फट राहावी लागते. ७४ मिलिमीटरच्या बोअरला साध्या इंजिनात ही फट ०.३० मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. टर्बोमध्ये उष्णता जास्त, रिंग जास्त फुगते, म्हणून वरच्या रिंगची फट ०.४० मिलिमीटरच्या आसपास नेतात. अखेरचा आकडा अर्थात पिस्टनसोबत आलेल्या तक्त्याचाच मानायचा. फट कमी पडली तर गरम झाल्यावर रिंगची टोके एकमेकांना भिडतात, रिंगेला पसरायला जागा उरत नाही आणि पिस्टनमधली तिची खाच तुटते. म्हणून कारागीर प्रत्येक रिंग ज्या सिलिंडरमध्ये बसायची आहे त्याच सिलिंडरमध्ये सरळ ढकलून फीलर गेजने फट पाहतो, कानस मशीनवर किंचित घासतो आणि पुन्हा पाहतो. जास्त घासली गेली तर ती रिंग भंगारात जाते, कारण घासलेले परत जोडता येत नाही.

बाकीची तयारी थोडक्यात सांगतो. कनेक्टिंग रॉड आणि त्यांचे बोल्ट वाढीव ताकदीला पुरतील असे हवेत. हेड आणि ब्लॉक दोन्ही फेस करून (घासून सपाट करून) अनेक पदरी पोलादी गॅस्केट आणि मजबूत स्टड बसवावे लागतात. टर्बोला येणारे तेल दाबाने येते, पण परत जाणारे तेल केवळ उतारावरून सम्पमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) पडते, त्यामुळे परतीची नळी रुंद, वळणाशिवाय आणि सम्पमधल्या तेलाच्या पातळीच्या वर जोडलेली असावी लागते. ही नळी चुकीची बसली तर मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेणाऱ्या दांड्यापाशी तेल तुंबते, सीलमधून गळते, आणि टर्बो खराब निघाला म्हणून परत पाठवला जातो. इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, पंप, क्लच आणि ईसीयूचे (इंजिनाच्या संगणकाचे) ट्यूनिंग ही सगळी साखळी त्यापुढे आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जात असल्याने इंजेक्टरचा हिशेब आता वेगळा धरावा लागतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलच्या एका भागाला फक्त नऊ. म्हणजे तेवढ्याच हवेला इथेनॉल बरेच जास्त ओतावे लागते.

अपुऱ्या तयारीची किंमत मोठमोठ्या कंपन्यांनाही मोजावी लागली आहे. १९६२ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो बसवलेली गाडी बाजारात आणली. टर्बोची प्रवासी गाडी विकण्याचा तो अगदी पहिला काळ. तिचे कॉम्प्रेशन कमी न करता १०.२५ ठेवले होते आणि नॉकिंग टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण एका वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडले जाई. टाकी भरायची चालक विसरला की टर्बोचा दाब आपोआप तोडला जाई आणि गाडीची ताकद नाहीशी होई. दोन वर्षांत उत्पादन थांबले, आणि पुढे कंपनीनेच अनेक गाड्यांवरचा टर्बो उतरवून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. उतरवलेले ते सुटे भाग तेव्हा कोणाला नको होते आणि आज जुन्या गाड्यांच्या हौशी संग्राहकांना ते शोधूनही सापडत नाहीत. मालाच्या मूल्यांकनाच्या दृष्टीने हे उदाहरण मला फार बोलके वाटते. नग तोच राहतो आणि त्याला घेणारा कोण आहे यावर त्याची किंमत शून्यापासून कुठेही जाऊ शकते.

आता हिशेबाकडे वळतो. वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असलेला नियम आहे : शिल्लक मालाचे मूल्य खरेदी किंमत किंवा बाजारभाव यांपैकी जे कमी असेल ते. लेखा मानक २ मध्ये बाजारभावाच्या जागी निव्वळ वसूल होणारे मूल्य म्हटले आहे, म्हणजे धंद्याच्या नेहमीच्या ओघात तो माल विकून येणाऱ्या रकमेतून तो पूर्ण करण्याचा आणि विकण्याचा खर्च वजा जाता जे हाती उरेल ते. प्राप्तिकरासाठी २०१७-१८ या कर निर्धारण वर्षापासून लागू झालेले मूल्यांकनाचे मानकही हीच दिशा देते. इथपर्यंत कोणाचा मतभेद नाही. राखीव मालाच्या बाबतीत नेमके महत्त्वाचे असे आणखी एक वाक्य त्या लेखा मानकात आहे आणि आमच्या भागात ते फारसे कोणी वाचत नाही. पक्क्या विक्रीच्या किंवा सेवेच्या करारासाठी राखून ठेवलेल्या मालाचे वसूल होणारे मूल्य त्या कराराच्या किमतीवरून ठरवायचे असते. करारापेक्षा जास्त माल साठवला असेल तर त्या जास्तीच्या मालासाठी मात्र सर्वसाधारण बाजारातली किंमत पाहायची.

एक उदाहरण आकड्यांत मांडतो. आकडे काल्पनिक आहेत. समजा एका गिऱ्हाइकाच्या इंजिनासाठी ६० हजारांचे पिस्टन-रिंगा, ४५ हजारांचे रॉड, २५ हजारांचे गॅस्केट व स्टड आणि ७० हजारांचा टर्बो, असा दोन लाखांचा माल करवजा किमतीने आणून ठेवला आहे. बोअरिंग, होनिंग (सिलिंडर आतून कापून-घासून मापाला आणणे) आणि पिस्टनची वाटी कापण्यावर आणखी २० हजार खर्च झाला आहे. गिऱ्हाइकाशी लेखी ठरलेली रक्कम तीन लाख २० हजार आहे आणि काम पुरे करायला अजून ८० हजार लागणार आहेत. वसूल होणारे मूल्य दोन लाख ४० हजार निघते, लागलेला खर्च दोन लाख २० हजार आहे, म्हणून माल खर्चाच्या किमतीलाच ताळेबंदात राहील. पिस्टनची वाटी कापून झाली आहे आणि इतर कोणाला ते पिस्टन चालणार नाहीत, ही गोष्ट इथे आड येत नाही, कारण ज्याला ते चालणार आहेत तो पैसे द्यायला बांधलेला आहे.

आता तेच गिऱ्हाईक मार्चमध्ये माघार घेते असे धरा. न उघडलेला टर्बो विक्रीचा खर्च जाता ५७ हजारांना जाईल. गॅस्केट-स्टडचे २२ हजार येतील. रॉडना मधल्या काळात मागणी वाढली म्हणून ते ५२ हजारांना जातील. पिस्टनची वाटी कापलेली आहे आणि रिंगा घासलेल्या आहेत, त्यामुळे त्या संचाचे फार तर २० हजार मिळतील. इथे अनेक जण सगळ्याची बेरीज करून एक लाख ५१ हजार लिहितात. मानक सांगते की तुलना नगानुसार करायची. रॉडवरचा सात हजारांचा संभाव्य नफा पिस्टनवरच्या ४० हजारांच्या तोट्यात वळता करता येत नाही. रॉड खरेदी किमतीला म्हणजे ४५ हजारांनाच राहतील आणि एकूण मूल्य एक लाख ४४ हजार येईल. झालेली २० हजारांची मजुरी त्या वर्षाच्या खर्चात जाईल. गिऱ्हाइकाची आगाऊ रक्कम जप्त झाली असेल तर ती वेगळे उत्पन्न म्हणून दाखवावी, ती मालाच्या किमतीत मिसळून घट लपवू नये.

एकाच रॅकवर एकाच चिठ्ठीखाली ठेवलेल्या चार नगांची चार वेगळी उत्तरे निघाली, ती त्यांच्यावर झालेल्या कामामुळे आणि त्यांच्या मागणीमुळे. पिस्टन कापला गेला आहे की नाही हे खरेदी बिलावर कधीच दिसत नाही. ते दिसते जॉबकार्डावर, जिथे चेंबरचे सीसी, रिंगांची फट आणि बोअरचे माप लिहिलेले असते. इंजिन नीट बांधण्यासाठी जो कागद लागतो तोच कागद मालाचे खरे मूल्य लावण्यासाठी लागतो, आणि तो कागद आमच्याकडे बहुतेक ठिकाणी मेस्त्रीच्या खिशातल्या वहीत किंवा त्याच्या डोक्यात असतो.

राखून ठेवलेल्या सगळ्याच मालाला आपला माल समजणे हीही एक सर्रास होणारी चूक आहे. गिऱ्हाइकाने स्वतः आणून दिलेला टर्बो किंवा त्याचा ब्लॉक आपल्या शेडमध्ये असला तरी तो आपल्या साठ्यात धरायचा नाही. त्याची वेगळी नोंदवही असावी. याउलट माल तयार आहे, ओळखून वेगळा ठेवला आहे, बिल गिऱ्हाइकाने स्वीकारले आहे, मालकी त्याच्याकडे गेली आहे आणि केवळ त्याच्या विनंतीवरून तो आपल्याकडे थांबला आहे, तर लेखा मानक ९ नुसार ती विक्री झाली आणि तो माल साठ्यातून गेला. नुसती गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी चिकटवली म्हणजे विक्री झाली, असे मात्र होत नाही.

मालाची देखभालही मूल्याचाच भाग आहे. पावसाळ्यात आमच्याकडे नवीन होन केलेला बोअर तेलाचा हात न फिरवता उघडा ठेवला तर पाहता पाहता त्यावर तांबूस थर धरतो, आणि पुन्हा होन केले की पिस्टन आणि बोअरमधली मोजून ठेवलेली फट वाढते. टर्बोची तोंडे बंद केलेली नसतील तर आत धूळ जाते. रबरी सील वर्षानुवर्षे पडून कडक होतात. असा माल मोजणीत एक नग म्हणूनच भरतो, आणि म्हणून मोजणी करणाऱ्याने तो हातात घेऊन पाहिला पाहिजे.

वसूल होणारे मूल्य ठरवताना कायद्याकडेही पाहावे लागते आणि याबाबत वाहनप्रेमी तरुणांना मी आवर्जून सांगू इच्छितो. रस्त्यावर चालणाऱ्या, नोंदणी झालेल्या गाडीत मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदल करायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ परवानगी देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजीच्या निकालात हे स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आली. त्यामुळे बाहेरून टर्बो चढवलेल्या इंजिनाची जागा बंदिस्त ट्रॅकवर आणि अधिकृत स्पर्धांमध्ये आहे, आणि तिथेही प्रत्येक गटाचे नियम पाहूनच. अशा भागांचे खरेदीदार देशभरात मोजकेच असतात. ज्या मालाला घेणारे मोजके, त्याचे वसूल होणारे मूल्य किंमतपत्रकावरून काढणे ही स्वतःची आणि बँकेची फसवणूक आहे.

मालकाने स्वतःसाठी बाजूला काढलेल्या मालाचा प्रश्न आणखी निराळा आहे आणि मुंबईच्या एका खटल्यामुळे तो आपल्या करकायद्यात कायमचा नोंदला गेला आहे. सर किकाभाई प्रेमचंद यांनी आपल्या व्यापारातल्या चांदीच्या विटा आणि शेअर बाजूला काढून विश्वस्त निधीत ठेवले आणि हिशेबात ते खरेदी किमतीला दाखवले. प्राप्तिकर खात्याचे म्हणणे होते की त्या दिवसाचा बाजारभाव धरून नफा दाखवावा. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये किकाभाईंच्या बाजूने निकाल दिला. माणूस स्वतःशीच व्यापार करून नफा कमावू शकत नाही, हे त्यामागचे तत्त्व. इंग्लंडमध्ये दोनच वर्षांनी हाउस ऑफ लॉर्ड्सने याच्या उलट निकाल दिला. तिथे घोड्यांच्या पैदास केंद्रातून मालकिणीच्या शर्यतीच्या तबेल्यात गेलेल्या घोड्यांसाठी बाजारभाव धरावा लागला.

वर्कशॉपच्या मालकाने रॅकवरचे पिस्टन स्वतःच्या खासगी गाडीसाठी नेले तर किकाभाईंचे तत्त्व अजूनही आधार देते. पण त्या मालावर घेतलेली जीएसटीची वजावट (खरेदीवर भरलेल्या कराचे मिळालेले क्रेडिट) परत करावी लागते आणि रक्कम मालकाची उचल म्हणून दाखवावी लागते. मात्र तेच पिस्टन वर्कशॉपच्या मालकीच्या स्पर्धेच्या किंवा प्रात्यक्षिकाच्या गाडीत बसवून तिला व्यवसायाची भांडवली मालमत्ता केले, तर २०१८ च्या वित्त कायद्याने आलेली तरतूद लागू होते आणि रूपांतराच्या दिवशीचे रास्त बाजारमूल्य व्यवसायाच्या उत्पन्नात धरले जाते. दोन्ही प्रसंगी पिस्टन रॅकवरून उचलण्याची कृती एकच आहे. म्हणूनच माल कोणत्या कारणासाठी बाजूला काढला, हे ज्या दिवशी काढला त्याच दिवशी लिहून ठेवले पाहिजे.

जीएसटीबाबत आणखी एक बाब. मालाची किंमत वसूल होणाऱ्या मूल्यापर्यंत खाली आणणे आणि तो माल पुस्तकातून पूर्ण काढून टाकणे यांत फरक आहे. पूर्ण काढून टाकलेल्या मालावरची वजावट कलम १७(५) नुसार परत करावी लागते. त्यामुळे कापलेल्या पिस्टनची किंमत घटवताना तो नग साठ्यात जिवंत आहे, हे नोंदवहीत दिसले पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये वाहनांच्या सुट्या भागांवरचा २८ टक्के कर १८ वर आला. ज्यांनी करवजावट घेतली त्यांच्या ताळेबंदातल्या खरेदी किमतीवर याचा परिणाम होत नाही, पण कंपोझिशन योजनेतल्या (ठोक दराने कर भरणाऱ्या, वजावट न मिळणाऱ्या) छोट्या दुकानदाराने २८ टक्के कर भरून आणलेला माल आज तेवढ्याला विकला जाईल का, हे त्याने नगानुसार तपासायला हवे.

हे सगळे आता केवळ सीएंच्या समाधानापुरते राहिलेले नाही. २०२३ पासून प्राप्तिकर अधिकारी साठ्याचे मूल्यांकन कॉस्ट अकाउंटंटकडून करून घेण्याचा आदेश देऊ शकतात. बाहेरून आलेला तज्ज्ञ कापलेला पिस्टन आणि नवा पिस्टन यांतला फरक कशावरून ओळखणार? आपण त्याच्यासमोर जॉबकार्ड ठेवले तरच. बँकेला दर महिन्याला जाणाऱ्या स्टॉक स्टेटमेंटचेही तसेच आहे. त्यात पडून राहिलेला राखीव माल पूर्ण किमतीला दाखवून कॅश क्रेडिटची (मालाच्या तारणावरच्या बँक कर्जाची) उचल वाढवली, तर गिऱ्हाइकाने माघार घेतलेल्या महिन्यात ती उचल फेडायला हातात काहीच नसते. आमच्या भागातली काही चांगली वर्कशॉप कामाअभावी नव्हे तर अशा अडकलेल्या मालामुळे अडचणीत आलेली मी पाहिली आहेत, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण तिथले कारागीर हात बसलेले आणि मापाला पक्के होते.

माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत उद्योजक संघटनांना विनंती आहे की त्यांनी राखीव मालासाठी एक साधे जॉबकार्ड ठरवून द्यावे. गिऱ्हाइकाचा करार लेखी आहे की तोंडी, आगाऊ रक्कम किती, माल कोणाच्या मालकीचा, कोणत्या तारखेला बाजूला काढला आणि त्यावर आतापर्यंत कोणते परत न फिरणारे काम झाले, एवढे त्यावर पुरे आहे. शेवटचा रकाना कारागिरानेच भरावा आणि त्याखाली सही करावी. बँकांनी स्टॉक स्टेटमेंटमध्ये राखीव मालासाठी वेगळा रकाना द्यावा. आणि आमच्या सीए मंडळींना एक आग्रहाची विनंती : ३१ मार्चला यादी मागवून घेण्याऐवजी एकदा वर्कशॉपमध्ये या, कारागिराला सोबत घ्या आणि राखीव रॅकवरचा प्रत्येक नग खाली उतरवून त्याला काय झाले आहे ते त्याच्याच तोंडून ऐका.

कळावे,
आपला नम्र,
एक वर्कशॉप व्यावसायिक,
उद्यमनगर, कोल्हापूर